तुम्ही विचारलंत म्हणून: शन्नारा कुठून चालू करू?

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, टेरी ब्रुक्सची शन्नारा ही फँटसी कादंबऱ्यांची सिरीज कुठून चालू करू, कथेतल्या काळाप्रमाणं की छापलेल्या क्रमानं. छापलेल्या क्रमानं. संपलं खरं तर, पण लगेच पुढचं येतं की त्यातल्या 'आर्मगेडन्स चिल्ड्रन'मध्ये तर सगळ्याच्या आधीचं आहे ना, मग ते पहिलं का नको?

माझ्या भाच्यानं तेच केलं. २००६ चं हे पुस्तक आधी घेतलं, सिएटल शहर उद्ध्वस्त, युद्ध रोगराई विषारी पाणी, जी माणसं उरलीत ती तटबंदी करून आत बसलेली, आणि तटाबाहेर पायोनियर स्क्वेअरच्या खाली तळघरात अनाथ पोरांची टोळी, त्यात व्हीलचेअरवरची आऊल रोज रात्री सगळ्यांना गोष्ट सांगते. एवढं त्याला लगेच पटलं, चार-पाच दिवसांनी नळ येणाऱ्या गावात पाण्याची टाकी जपणं वेगळं शिकवावं लागत नाही. पण मधेच ओरेगॉनच्या जंगलात लपलेले एल्फ, म्हणजे परीकथेतली ती जादूची जमात, आले, एक झाड त्यांच्याशी बोलायला लागलं, आणि ह्यानं पुस्तक मिटलं. "मामा, हे काय मधेच?"

आता ते झाड म्हणजे एलक्रिस. ह्याच सिरीजमधलं १९८२ चं 'एल्फस्टोन्स' वाचलेल्या माणसाला तिथं काटा येतो, कारण ते झाड मेलं तर काय होतं हे त्याला माहितीये. भाच्याला नुसतं झाडच दिसणार ना. त्याच पुस्तकातल्या काळ्या काठीवाल्या लोगन टॉमचं पण तसंच, ती काठी कुठली हे ब्रुक्सच्याच दुसऱ्या सिरीजमधल्या, १९९७ च्या 'रनिंग विथ द डीमन'मध्ये आहे, इलिनॉयमधलं साधं आजच्या काळातलं गाव, चार जुलैची, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यदिनाची गडबड. ब्रुक्सनं या दोन वेगळ्या सिरीज इथं जोडल्या, म्हणून सांधा बघायचा तर दोन्ही टोकं आधी हातात पाहिजेत.

शन्नाराचं १९७७ चं पहिलं पुस्तक 'सोर्ड' मला जरा उसनं वाटतं, लांबण पण फार आहे, तरी चालू तिथूनच करा. त्यात तलवारी घेतलेली मंडळी डोंगरात जाताना पडक्या शहरात पोचतात, गंजलेले लोखंडी सांगाडे उभे, आणि अर्धं मांस अर्धं लोखंड असलेलं एक जनावर अंगावर येतं. त्यांच्यासाठी ते कुठलंतरी पुराणातलं जग, आपल्यासाठी गर्डर, म्हणजे आपलंच मोडलेलं शहर. बास, तिथं डोकं फिरतं.

हाच भाचा पाच-सहा वर्षांचा असताना भुईकोट किल्ला बघून परत येताना रस्त्यात एका बंद गिरणीची चिमणी दिसली, तर विचारतो, हा बुरूज कुठल्या राजाचा? त्याच्या आजोबांनी तिथं पाळ्या केल्यात, ते माझ्या मागंच बसलेले, काही बोलले नाहीत.

आता तो 'सोर्ड' वाचतोय. माझी प्रत त्याच्याकडंच आहे, म्हणून ती तेवढी मागू नका.