काळी गाडी की नुसती सावली? अखेर डागांनी सोडवलं

जमलं एकदाचं! ड्रोनने वरून काढलेल्या फोटोंत पार्किंगचे भरलेले स्लॉट मोजणारी स्क्रिप्ट लिहितोय. रिकाम्या स्लॉटवर पडलेली सावली आणि काळी गाडी यांतला फरक स्क्रिप्टला कळायला लागलाय. कडेच्या रांगा अजून छळतायत, पण मधल्या रांगांचे आकडे हाताने मोजलेल्या आकड्यांशी जुळतात.

रडगाणं जुनंच आहे, थोडक्यात उगाळतो. सूर्य ३० अंशांवर असताना दीड मीटर उंच गाडीची सावली साधारण २.६ मीटर पडते आणि स्लॉट असतो अडीच मीटर रुंद. सावली आडवी पडली की शेजारचा रिकामा स्लॉट अख्खा काळा, आणि गाड्या ओळखणारं मॉडेल तिथे गाडी समजून खुशाल चौकट काढून मोकळं. कार-पीकेवर (पार्किंगमधल्या गाड्यांच्या ड्रोन-फोटोंचा तयार संच) पुन्हा ट्रेनिंग देऊनही फरक नाही. त्यात गाड्या जवळपास ९० हजार, पण पार्किंगचे तळ चारच.

फोटोतल्या निळ्या आणि लाल रंगाच्या चॅनेलचं गुणोत्तरही लावून पाहिलं. सावलीत थेट ऊन नसतं, आकाशाचाच उजेड असतो, म्हणून ती निळसर येते. तर्क बिनतोड, पण चकचकीत काळ्या टपातही आकाशच दिसतं, तेही निळसर! पोलरायझर (चमक कापणारा लेन्सचा फिल्टर) घेणार असाल तर पैसे वाचवा. कॅमेरा सरळ खाली रोखलेला असताना तो चमक फारशी कापत नाही.

मग गाडी शोधणंच सोडलं आणि जमीन शोधायला लागलो. प्रत्येक स्लॉटला स्वतःचा चेहरा असतो: इंजिनखाली गळलेल्या तेलाचा डाग, डांबरातली भेग, अर्धवट पुसलेला आकडा. रिकाम्या स्लॉटचा तुकडा कापून ठेवायचा आणि नव्या फ्रेमशी नॉर्मलाइज्ड कोरिलेशन काढायचं, म्हणजे उजेड कमी-जास्त असला तरी दोन तुकड्यांची नक्षी किती जुळते याचा स्कोअर (पूर्ण जुळली तर १). एकसारखा अंधार त्यात आपोआप वजा होतो, डाग उरतो. डाग दिसला की स्लॉट रिकामा. सावलीची कड तुकड्याच्या मधून गेली की मात्र स्कोअर कोसळायचा. म्हणून स्लॉटचे छोटे चौकोन केले आणि बहुमत घेतलं. तो तेलाचा डाग गडद सावलीतून ०.८ च्या वर स्कोअर घेऊन आला तेव्हा खुर्चीतून उठून एक फेरी मारली!

यासाठी ऑर्थोमोझॅक (अनेक फोटो जोडून केलेला एकच नकाशासारखा फोटो) वापरू नका. हलत्या गाड्या त्यात अर्ध्या पुसल्या जातात. एका जागी थांबून काढलेल्या सुट्या फ्रेम्स बऱ्या.

आता कडेच्या रांगा. ६० मीटरवरून, फ्रेमच्या केंद्रापासून ३० मीटर लांबची गाडी पाऊण मीटर बाहेर झुकलेली दिसते, उंच व्हॅन तर त्याहून जास्त, आणि शेजारचा डाग झाकते. आणखी वर जायचा बेत होता, पण तिथून पिक्सेल मोठे होऊन डागच विरघळतील. हे लिहितानाच सुचतंय: वर कशाला जायचं, ड्रोन दोन ठिकाणी थांबवू आणि प्रत्येक स्लॉटसाठी ज्या फ्रेमच्या केंद्राजवळ तो येतो तीच घेऊ. बॅटरी दोन्हीकडे वाटली जाईल, एकाच जागेच्या दोन फ्रेम्समधला वेळ वाढेल. भरलेले स्लॉट मोजायला चालेल, गाड्यांची अदलाबदल टिपायला नाही. ते नंतर बघू. नवं डांबर टाकलेल्या, बिनडागी पार्किंगसाठी कुणाकडे काही युक्ती आहे का?