चौऱ्याहत्तरावं मशीन

१ जुलै २०२४, सोमवार. दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या, रस्ते वळवले होते, म्हणून ऑफिसात निम्मेच लोक पोचले होते. आलेल्यांच्या तोंडी शनिवारी रात्री जिंकलेला वर्ल्ड कप. माझ्या डोक्यात मात्र सेंटओएस ७ होतं, सर्व्हर चालवणारी एक लिनक्स प्रणाली. आदल्याच दिवशी, ३० जूनला, त्याची मुदत संपली होती. इथून पुढे त्यात कुठलाही दोष सापडला तरी पॅच, म्हणजे दुरुस्ती, येणार नव्हता. आम्ही लहान-मध्यम कारखान्यांचे सर्व्हर सांभाळतो आणि अशी चौदा मशिन्स आमच्याकडे अजून चालू होती. ती हलवण्यासाठी तीन महिने मी कारखान्यांच्या मागे लागले होते. प्रत्येकाचं उत्तर एकच, "पुढच्या महिन्यात बघू."

जेवण झालं, डबा धुवायला उठले, तेवढ्यात ज्युनिअरने हाक मारली. "ताई, ओपनएसएसएचमध्ये काहीतरी आलंय. लॉगिन न करता रूट मिळतंय म्हणतात."

डबा तिथेच राहिला. लिनक्स सर्व्हरवर लांबून लॉगिन करतात ते ओपनएसएसएचमधून, म्हणजे दाराची कडीच ती. तिथे पासवर्ड न देता, बाहेरून, थेट रूटचा, म्हणजे मशीनवरचा सर्वोच्च, अधिकार मिळणं हे आमच्या कामात वर्षानुवर्षं घडत नाही. क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ते शोधलं होतं. दोषांच्या जागतिक यादीतला क्रमांक सीव्हीई-२०२४-६३८७, आणि नाव ठेवलं होतं 'रिग्रेशन' या शब्दाच्या पोटात एसएसएच घुसवून. नाव नेमकं होतं, कारण हा दोष नवा नव्हताच. २००६ साली सापडून दुरुस्त झालेला दोष परत आला होता.

तो कसा चालतो ते मी दोघांना फळ्यावर काढून दाखवलं. तुम्ही जोडणी केलीत की सर्व्हर तुम्हाला लॉगिन करायला १२० सेकंद देतो. तेवढ्यात ओळख पटली नाही की अलार्म वाजतो, आणि सर्व्हर हातातलं काम आहे तसं टाकून लॉग, म्हणजे घडल्याची नोंद, लिहायला धावतो. स्वयंपाकघरात फडताळ आवरताना अर्धे डबे खाली, अर्धे वर असतात, तेवढ्यात दुसरंच कुणी येऊन त्याच फडताळात डबा ठेवायला लागलं तर कुठल्या डब्यात काय आहे याचा पत्ता राहत नाही. इथे फडताळ म्हणजे मेमरी. हल्लेखोर नेमका तो क्षण साधायचा प्रयत्न करतो. क्वालिसने ३२ बिटच्या मशीनवर करून दाखवलं होतं. सरासरी दहा हजार प्रयत्न लागतात, आणि रूट मिळायला सहा ते आठ तास. ६४ बिटवर तोवर कुणी करून दाखवलेलं नव्हतं. आमची सगळी मशिन्स ६४ बिटची. म्हणजे आग अंगणात होती, घरात नव्हती. पण अंगणात लागलीये म्हणून स्वस्थ बसता येत नाही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. हा दोष परत आला कसा? २००६ नंतर त्या कोडमध्ये एक छोटीशी अट घातलेली होती, की अलार्मच्या वेळी धोकादायक पद्धतीने लॉग लिहायचा नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये लॉग लिहिण्याची सगळी व्यवस्था नव्याने मांडताना ती अट चुकून निघून गेली. ८.५पी१ या आवृत्तीपासून, म्हणजे मार्च २०२१ पासून, दार पुन्हा किलकिलं झालं. ओपनएसएसएच लिहिणारी माणसं जगातली सगळ्यात काळजीपूर्वक काम करणारी माणसं आहेत. त्यांच्याही हातून ती ओळ गेली, कारण ती तिथे का आहे हे बदल करताना डोळ्यांसमोर नव्हतं. हे वाचलं तेव्हा मला आमच्या यादीची आठवण यायला हवी होती. ती संध्याकाळी आली.

यादी उघडली. त्र्याहत्तर ओळी, म्हणजे त्र्याहत्तर मशिन्स, वेगवेगळ्या लिनक्सची. सेंटओएस ७ ची चौदा मशिन्स, त्यांत ओपनएसएसएच ७.४, दोषाच्या आधीचं. उबंटू २०.०४ ची बारा, त्यांत ८.२, तीही सुटली. उबंटू २२.०४ ची एकतीस, डेबियन १२ ची सात, रेड हॅट ९ ची नऊ, ही सत्तेचाळीस सापडली. म्हणजे ज्या चौदांसाठी मी तीन महिने जीव काढत होते ती वाचली, आणि मोठ्या अभिमानाने नवी केलेली अडकली.

सर मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "म्हणजे जुनंच बरं होतं की गं!"

मी तिथल्या तिथे सांगितलं, "नाही सर. नव्यांना आज रात्री पॅच मिळेल. जुन्यांत उद्या काही निघालं तर कुणीच देणार नाही." ते गप्प झाले, आणि त्यांनी स्वतः फोन उचलून एकेका कारखान्याला कळवायला सुरुवात केली. हे मी त्यांच्याबद्दल नेहमी सांगते. पटलं की ते वेळ घालवत नाहीत.

उबंटू आणि डेबियनचे पॅच त्याच दिवशी आले. कारखान्यांच्या मशिन्सवर आम्ही आपोआप होणारे अपडेट बंद ठेवतो, कारण पाळी चालू असताना एखादी सेवा मध्येच रीस्टार्ट झाली तर लाइन थांबते. त्यामुळे प्रत्येक मशीन हातानेच करायचं होतं. ज्युनिअरला मी एकच नियम दिला. एक खिडकी उघडी ठेवायची, दुसऱ्या खिडकीतून अपडेट करायचं, आणि तिसरी नव्याने उघडून आत जाता येतंय हे पाहिल्याशिवाय पहिली बंद करायची नाही. एसएसएच रीस्टार्ट झालं तरी आधीची जोडणी तुटत नाही. कॉन्फिगमध्ये काही बिघडलं असेल तर ती उघडी खिडकी हाच परतीचा रस्ता.

रेड हॅट ९ ला मात्र त्या दिवशी पॅच नव्हता. तिथे तात्पुरता उपाय एकच, ते १२० सेकंद शून्य करायचे. शून्य म्हणजे मुदतच नाही, म्हणून अलार्म वाजणारच नाही. पण मग कुणीही नुसत्या जोडण्या करून धरून ठेवू शकतो, आणि शंभर जागा भरल्या की आपल्याच माणसाला आत जाता येत नाही. म्हणून त्या नऊ मशिन्सचं पोर्ट २२, म्हणजे एसएसएचचं दार, आमच्या ऑफिसच्या पत्त्यापुरतंच उघडं ठेवलं आणि मगच शून्य केलं.

साडेसातला सत्तेचाळीस ओळी हिरव्या झाल्या. ज्युनिअर बॅग भरत होता. मला चैन पडेना. आमच्या हिशेबाच्या मॅडमकडे वेगळी एक यादी असते, कुठल्या कारखान्याला कुठला स्थिर आयपी पत्ता आहे याची, इंटरनेटची बिलं तपासायला. ती मागून घेतली आणि त्या सगळ्या पत्त्यांवर एनमॅप, म्हणजे उघडी दारं शोधणारं साधन, चालवलं, फक्त पोर्ट २२ साठी. एका पत्त्यावरून उत्तर आलं ज्याची आमच्या यादीत ओळच नव्हती. ओपनएसएसएच ८.९पी१, उबंटू, आणि पॅकेजच्या क्रमांकाचा शेवट ०.१. आम्ही दिवसभर जे बसवत होतो त्याचा शेवट ०.१० होता, पहिली नव्हे, दहावी दुरुस्ती. म्हणजे निदान २०२३ च्या मध्यापासून या मशीनला कुणी हात लावलेला नव्हता.

शीटचा इतिहास काढला. मे २०२३ मध्ये ती ओळ आमच्याच एका माणसाने काढली होती. शेरा, "मशीन बदलणार आहेत." बदललं कुणी नाही, आणि तो माणूसही नोकरी सोडून गेला. हडपसरच्या पुढे, उरुळी देवाचीच्या अलीकडच्या एका कारखान्याचा तो वजनकाट्याचा सर्व्हर होता. दारात येणाऱ्या प्रत्येक ट्रकचं वजन तो नोंदवतो. मध्यंतरी आम्ही सगळ्या मशिन्सच्या लॉगिनच्या डिजिटल चाव्या बदलल्या तेव्हा तो यादीत नसल्याने त्याला जुनीच चावी माहीत होती, आणि जुनी आम्ही नष्ट केली होती. बाहेरच्या जगाला दार किलकिलं आणि आम्हाला बंद.

कारखान्यातले आयटी बघणारे काका वारकऱ्यांच्या जेवणाच्या सेवेला नाना पेठेत होते. फोनवर मागे टाळ ऐकू येत होते. म्हणाले, "राउटरचा पासवर्ड माझ्या डायरीत आहे आणि डायरी कपाटात. पहाटेपासून हडपसरचा रस्ता बंद होईल बघा. जायचं तर आत्ताच निघा, मी गेटवर सांगून ठेवतो."

सर म्हणाले, सकाळी बघू. मी त्यांना ०.१ चा अर्थ सांगितला. नुसता आजचा दोष असता तर ६४ बिट म्हणून एक रात्र धीर धरला असता. पण ते मशीन निदान वर्षभर मागे होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ग्लिबसीमध्ये, म्हणजे लिनक्सच्या मूळ लायब्ररीत, सापडलेला दोषही त्यात तसाच होता, ज्यातून साधा वापरकर्ता रूट होऊ शकतो. एक साधा पासवर्ड कुणी ओळखला असता तरी काम झालं असतं. सरांनी गाडीची किल्ली काढून दिली आणि ज्युनिअरला सोबत पाठवलं.

सव्वाअकराला पोचलो. काट्याच्या केबिनमध्ये टेबलाखाली, सिमेंटच्या धुळीने राखाडी झालेला तो डबा. वर विठ्ठलाचं कॅलेंडर, शेजारी काट्याचा आकडा दाखवणारी लाल पट्टी, बाहेर सात ट्रक रांगेत. आधी कपाटातली डायरी, मग राउटर. पोर्ट २२ आतल्या मशीनकडे वळवणारी ओळ खोडली आणि फोनवरून तपासलं. बाहेरून उत्तर येईना. तेव्हा कुठे मी खुर्चीत टेकले.

पुढच्या कामाला मशीन बंद करावं लागणार होतं. काट्यावरचे मामा म्हणाले, "दोन वाजता ड्रायव्हर लोक चहाला जातात. अर्धा तास तुमचा." तोवर थांबलो. दोनला रीबूट केलं, एस्केप दाबून बूटचा मेन्यू गाठला, कर्नलच्या ओळीच्या शेवटी थेट शेल सुरू करायला सांगितलं, डिस्क लिहिण्यायोग्य केली आणि रूटचा पासवर्ड बदलला. कीबोर्डची दोन बटणं अडकत होती. तेवढी एक ओळ मी तीनदा टाइप केली. परत चालू करून आत शिरले, अपडेट सोडलं आणि पॅकेजेस उतरत असताना लॉग उघडले.

चार आठवड्यांचे लॉग शिल्लक होते. रूटचे चुकीचे पासवर्ड हजारोंनी. इंटरनेटवर उघड्या असलेल्या कुठल्याही दारावर ते दिसतात. मी शोधत होते ती ओळ वेगळी होती, 'टाइमआउट बिफोर ऑथेंटिकेशन'. या हल्ल्यात प्रत्येक फसलेला प्रयत्न ती ओळ मागे सोडतो. दहा हजार प्रयत्न म्हणजे त्या ओळींचा ढीग दिसायला हवा. महिन्याभरात एकोणीस निघाल्या, सुट्या सुट्या. यशस्वी लॉगिन एकही नाही. मग बसवलेल्या पॅकेजेसच्या फायली मूळ नोंदींशी ताडून पाहिल्या. बदललेल्या सापडल्या त्या फक्त दोन कॉन्फिग फायली, आमच्याच हातच्या.

ज्युनिअर म्हणाला, "म्हणजे कुणी आलं नव्हतं."

मी म्हटलं, "आल्याची खूण नाही, इतकंच." रूट मिळवलेला माणूस लॉगही पुसू शकतो. महिना संपायच्या आत ते मशीन कोऱ्या डिस्कवर नव्याने उभं केलं.

दोन वाजून एकतीस मिनिटांनी काटा परत चालू झाला. मामांनी पहिला ट्रक घेतला, लाल आकडे हलले, स्थिरावले, पावती निघाली. त्यांनी पावती उजेडात धरून पाहिली आणि आमच्याकडे बघून मान हलवली.

पहाटे परत येताना हडपसरला गाडी थांबवली, कारण पोलिसांनी बॅरिकेड लावायला घेतले होते. दिंड्यांचे ट्रक पुढच्या मुक्कामाकडे सामान घेऊन निघाले होते. अंधारातून वारकरी चालत येत होते, कुणाच्या डोक्यावर तुळस, कुणाच्या खांद्यावर पताका. त्या गर्दीकडे बघत बसले असताना फोन वाजला. एका मोठ्या ग्राहकाच्या सुरक्षा विभागाने रात्री स्कॅनर चालवला होता आणि आमची अकरा उबंटू मशिन्स लाल दाखवली होती. अहवालात लिहिलं होतं, '८.९पी१, धोकादायक. ९.८पी१ बसवा.'

हे समजावताना दरवेळी घसा कोरडा पडतो. उबंटू किंवा डेबियन तुम्हाला नवी आवृत्ती देत नाहीत. नव्या आवृत्तीतली नेमकी दुरुस्ती काढून ती जुन्या आवृत्तीत बसवून देतात. पुढचा आकडा ८.९ च राहतो, बदलतो तो शेपटीचा. स्कॅनरने पुढचाच आकडा वाचला होता. ९.८ बाहेरून आणून कारखान्याच्या मशीनवर लादलं असतं तर उबंटूकडून पुढे येणारे सगळे पॅच आम्ही गमावले असते. मी गाडीत बसूनच उत्तर लिहिलं. प्रत्येक मशीनवरच्या पॅकेजचा पूर्ण क्रमांक आणि उबंटूच्या सूचनेतला क्रमांक शेजारी शेजारी ठेवले. दुपारी त्यांचा होकार आला.

रेड हॅटचा पॅच ३ जुलैला आला. नऊ मशिन्सवर तो बसवला आणि शून्य केलेली मुदत परत १२० करायला घेतली. चार झाली, पाच राहिली, कारण त्या कारखान्यांत पाळी संपायची वाट बघायची होती. ८ जुलैला त्याच घराण्यातला आणखी एक दोष जाहीर झाला, सीव्हीई-२०२४-६४०९, रेड हॅट ९ मधल्या ८.७पी१ ला लागू असलेला. उपाय पुन्हा तोच, मुदत शून्य. पाच मशिन्स आधीच शून्यावर होती.

उरलेल्या चारांसाठी ज्युनिअरने यादी उघडली. आता तिच्यात चौऱ्याहत्तर ओळी होत्या आणि उजवीकडे एक नवा रकाना, 'का?'. त्या चार ओळींपुढे त्याने मला न विचारता भरलं, "मुदत ०. अलार्म वाजू नये म्हणून. पॅच आल्यावर ताईंना विचारून १२० करणे." वर तारीख टाकली आणि पहिलं मशीन उघडलं.