तुम्ही विचारलंत म्हणून: लघवीचं कल्चर पुन्हा का द्यायला सांगतात?

लघवीला जळजळ होते म्हणून कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) केलं, रिपोर्टात 'मिक्स्ड ग्रोथ', म्हणजे अनेक जातींचे जंतू, आलं आणि लॅबवाले परत नमुना मागतात. त्यांचीच काही चूक असेल का, असं वरचेवर विचारलं जातं. बहुतेकदा चूक लॅबची नसते. नमुना डबीत पडतानाच बिघडलेला असतो.

मूत्राशयाच्या संसर्गात सहसा एकच जंतू सापडतो, बहुधा ई. कोलाय. तीन-चार जातींचे एकदम उगवले, तर ते त्वचेवरचे असण्याची शक्यता जास्त. लघवीची पहिली धार मूत्रमार्गाचं तोंड धुऊन बाहेर पडते. तेच धुवण डबीत गेलं की रिपोर्ट वाया.

म्हणून आधी हात साबणाने धुवा. बायकांनी जागा साध्या पाण्याने पुढून मागे स्वच्छ करायची आणि योनीच्या पाकळ्या बोटांनी बाजूला धरून ठेवायच्या, डबी भरेपर्यंत. (नेमकं हेच कुणी सांगत नाही!) पुरुषांनी पुढची त्वचा मागे घ्यायची. अँटिसेप्टिक वापरू नका. त्याचा अंश नमुन्यात गेला तर जंतू उगवतच नाहीत. निर्जंतुक डबी ऐन वेळी उघडा, आत बोट लावू नका. पहिली धार सोडून द्या, मग लघवी न थांबवता डबी मध्ये धरा. २०-३० मिली पुरे. उरलेली बाहेर.

नमुना दोन तासांत लॅबमध्ये पोचायला हवा. अनुकूल वातावरणात ई. कोलाय २० मिनिटांत दुप्पट होतो. डबीत वेग कमी असला तरी टेबलावर राहिलेल्या नमुन्यातला आकडा फुगतोच. उशीर होणार असेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. फ्रिजमध्ये २४ तास चालते. अँटिबायोटिकचा पहिला डोस नमुना दिल्यावरच घ्या. आदल्या आठवड्यातली उरलेली गोळी घेऊन आलात, तर जंतू असूनही रिपोर्ट कोरा येऊ शकतो. नमुना देण्याआधी तांब्याभर पाणी पिणंही नको, लघवी पातळ होते.

त्रास काहीच नाही, पण रिपोर्टात जंतू आहेत? गरोदरपण किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया ठरलेली असणं सोडलं, तर सहसा औषध लागत नाही.

कल्चरला २४ ते ४८ तास लागतात, कोणतं औषध लागू पडेल हे कळायला आणखी एखादा दिवस. थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत दुखणं किंवा उलट्या असतील तर तेवढं थांबू नका. नमुना द्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.