काकांची वंशावळ आणि लिनक्स

आमच्या घराण्याची वंशावळ माझ्या काकांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस संगणकावर उतरवली. तुळजापूरच्या पुजाऱ्यांकडील वह्या, अक्कलकोट आणि बार्शीकडच्या नातेवाइकांनी सांगितलेल्या हकिगती व सोलापूरच्या घरातील ट्रंकेत सापडलेले मोडी कागद, हे सारे त्यांनी विंडोज ९५ साठी लिहिलेल्या एका परदेशी प्रोग्राममध्ये भरले. तो प्रोग्राम आता विकला जात नाही. त्याची सीडी आणि माहितीची फाईल शाबूत असली, तरी फाईलची बांधणी त्या प्रोग्रामची स्वतःची असल्यामुळे दुसरे कोणतेही सॉफ्टवेअर ती उघडत नाही. वंशावळीची माहिती एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेण्यासाठी जेडकॉम हे सर्वमान्य स्वरूप आहे. पण जेडकॉम फाईल तयार करायची तर आधी तो जुना प्रोग्राम चालू व्हायला हवा, आणि माझ्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली आहे, जिच्यावर विंडोजचे प्रोग्राम थेट चालत नाहीत.

लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवण्यासाठी वाइन नावाचे मुक्त सॉफ्टवेअर १९९३ पासून विकसित होत आहे. ते संपूर्ण विंडोजची नक्कल करीत नाही. प्रोग्रामने विंडोजकडे केलेली मागणी, मग ती खिडकी उघडण्याची असो की फाईल वाचण्याची, ते लिनक्सला समजेल अशा मागणीत बदलून पुढे पाठवते. तेलुगू, कन्नड आणि मराठी एकाच बाजारात बोलल्या जाणाऱ्या आमच्या शहरात दुभाष्याचे हे काम कोणाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. येथे एक गंमत नोंदवण्याजोगी आहे. चुलतभावाच्या नव्या विंडोज संगणकावर काकांची सीडी घातली, तर इन्स्टॉलेशन सुरूच होत नाही. प्रोग्राम ३२ बिटचा असला तरी त्याचा इन्स्टॉलर त्या काळच्या रिवाजाप्रमाणे १६ बिटचा आहे, आणि ६४ बिटच्या विंडोजमधून १६ बिटचे प्रोग्राम चालवण्याची सोय केव्हाच काढून टाकण्यात आली आहे. वाइनने मात्र तो इन्स्टॉलर चालवला. इतकेच नव्हे, तर जुन्या पद्धतीच्या मदत-फाईलही उघडल्या, कारण त्या वाचणारा छोटा प्रोग्राम वाइनमध्ये मुळातच समाविष्ट आहे. ज्या सॉफ्टवेअरला त्याच्या घरची नवी पिढी ओळख दाखवत नाही, त्याला परक्या घरात जागा मिळाली.

खरी अडचण लिपीची होती. मराठीसाठी विंडोजमध्ये जुन्या पद्धतीचे एकबाइटी कोडपेज, म्हणजे अक्षरांना क्रमांक नेमून देणारा तक्ता, कधीच नव्हते. देवनागरी तेथे आली ती थेट युनिकोडच्या, म्हणजे सर्व लिप्यांसाठी असलेल्या एकाच सामाईक तक्त्याच्या, रूपाने. काकांचा प्रोग्राम युनिकोडच्या आधीच्या धाटणीचा. त्यामुळे त्या काळी सर्वांनी केला तोच उपाय त्यांनी केला आणि टंकलेखन यंत्राच्या रेमिंग्टन कळफलकावर बेतलेला एक मराठी फॉन्ट निवडला. अशा फॉन्टमध्ये संगणकाच्या दृष्टीने अक्षरे रोमनच राहतात, फक्त त्यांचे चित्र देवनागरी दिसते. वाइनमध्ये फॉन्ट नसताना सगळे पूर्वज अर्थहीन रोमन अक्षरांचे पुंजके होऊन समोर आले. फॉन्टची फाईल वाइनच्या फोल्डरमध्ये ठेवताच नावे दिसू लागली. पण दिसणे आणि असणे यांतला फरक निर्यात करताना आडवा आला.

जेडकॉम निर्यातीत प्रोग्राम दोन लिपिसंच देऊ करतो, अ‍ॅन्सेल आणि अ‍ॅन्सी. पहिला पर्याय आधीच निवडलेला असतो आणि तो आपल्यासाठी घातक आहे. अ‍ॅन्सेल ही ग्रंथालयांसाठी घडवलेली पद्धत असून तीत युरोपीय भाषांतील स्वरचिन्हे मूळ अक्षरापासून सुटी करून त्याच्या आधी लिहिली जातात. आपल्या फॉन्टने मराठी जोडाक्षरांसाठी वापरलेली चिन्हे प्रोग्रामला स्वरचिन्हांकित युरोपीय अक्षरेच वाटतात, आणि तो ती इमानदारीने फोडून टाकतो. म्हणून अ‍ॅन्सी निवडावे. तो विंडोजचाच तेव्हाचा नेहमीचा संच असल्याने मजकूर जसाच्या तसा बाहेर येतो.

त्यानंतरचा पेच अधिक मजेदार आहे. जेडकॉममध्ये आडनाव दोन तिरक्या रेघांच्या (/) मध्ये लिहायचे असते, आणि या फॉन्टमध्ये ‘ध’ हे अक्षर संगणकाच्या लेखी तिरक्या रेघेनेच सुरू होते. परिणामी माधव, धोंडीबा, राधाबाई अशा प्रत्येक नावात नवे सॉफ्टवेअर मध्येच आडनाव शोधते आणि माधवाचे ‘मा’ एकीकडे, उरलेले दुसरीकडे पडते. सुदैवाने नाव व आडनाव स्वतंत्र उपओळींत पुन्हा देण्याची तरतूद जेडकॉममध्ये आहे आणि काकांच्या प्रोग्रामने ती पाळलेली होती. पायथन या संगणकभाषेतील एका छोट्या प्रोग्रामने मी फक्त त्या उपओळी, स्थळे आणि टिपा युनिकोडमध्ये बदलल्या, आणि नावाची मुख्य ओळ त्यांवरून नव्याने रचली. जेडकॉमच्या स्वतःच्या खुणांना मात्र हात लावला नाही. ऱ्हस्व वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये व्यंजनाच्या आधी आणि युनिकोडमध्ये नंतर येते, तर रफाराची गोष्ट नेमकी उलटी. या दोन नियमांकडे दुर्लक्ष झाले, तर विठ्ठलापासून सूर्यकांतापर्यंत कोणीही धड राहत नाही.

तयार झालेली फाईल मी ग्रॅम्प्स या वंशावळीच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये घेतली. वाइनमध्येच कायमचा मुक्काम करून नव्या नोंदीही जुन्याच प्रोग्राममध्ये करीत राहणे मला पटत नाही. तो प्रोग्राम चालवायचा तो माहिती सोडवून घेण्यापुरता.

ग्रॅम्प्सही आपल्या कुटुंबपद्धतीसाठी घडवलेले नाही, पण त्यात मोकळीक आहे. कुलदैवत आणि देवक यांसाठी स्वतःचे गुणधर्म निर्माण करता येतात. सासरी मुलीचे नावच बदलले असेल, तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीवर ठेवता येतात. स्थळांची सोय तर फार उपयोगी आहे. तुळजापूर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, सोलापूर ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात होते, आणि अक्कलकोटला स्वतःचे संस्थान होते. एखादे गाव कोणत्या काळात कोणाच्या अमलाखाली होते, हे तारखांसह एकदाच नोंदवले की त्या गावातील प्रत्येक जन्माला ते आपोआप लागू होते. उस्मानाबादचे धाराशिव झाले, तेव्हा मला एकाही पूर्वजाची नोंद बदलावी लागली नाही.

पंचांगाच्या बाबतीत मात्र हे सॉफ्टवेअर उणे पडते. त्यात ज्यू, इस्लामी, पर्शियन, इतकेच काय, फ्रेंच राज्यक्रांतीचीही दिनदर्शिका आहे, पण शके नाही. तिथी केवळ मजकूर म्हणून लिहिली, तर तो प्रसंग कालक्रमात बसत नाही. म्हणून इंग्रजी सन अंदाजी म्हणून नोंदवून मूळ तिथी टिपेत ठेवावी. येथे सरसकट ७८ मिळवणेही बरोबर नाही. वर्ष चैत्रात बदलत असल्याने शके १८२७ च्या फाल्गुनातील जन्म १९०६ सालचा ठरतो, १९०५ चा नव्हे.

आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल असल्याने वंशवृक्षाच्या तक्त्यात काही जोडपी दोन-दोन ठिकाणी छापली जातात. तो सॉफ्टवेअरचा दोष नाही, आणि काकांना तो तक्ता तसाच हवा आहे. वाइनचा फोल्डर, ज्यात प्रोग्राम, फॉन्ट आणि मूळ फाईल एकत्र राहते, मी बांधून पेन ड्राइव्हवर ठेवला आहे. मोडी कागदांतील एखादे नाव पुढे शंकास्पद वाटले, तर काकांनी नेमके काय टाइप केले होते, ते त्यातच पाहता येईल.