बाहुली उघडली, पण स्नायू जागाच होता

दहा वर्षांची मुलगी, अभ्यासाला बसली की डोकं धरायची. चष्मा मायनस दीडचा, तोही नुकताच वाढवलेला. नंबर काढणं हे माझं रोजचं काम, पण रेटिनोस्कोपचा, म्हणजे नंबर मोजायच्या उपकरणाचा, उजेड तिच्या डोळ्यात टाकला आणि मी थबकले. बाहुलीतली चमक ठरत नव्हती. घटकेत उजेडाच्या दिशेने सरकायची, घटकेत उलट. फोकस करणारा आतला स्नायू सारखा आवळत होता, सुटत होता. अशा डोळ्याचा आकडा कागदावर लिहायला माझं मन धजेना.

डॉक्टरांशी बोलून तो स्नायू काही काळ सैल करणारे १ टक्का सायक्लोपेंटोलेटचे थेंब घातले, पाच मिनिटांनी पुन्हा. झोंबतात, पोरीने बाबांचा हात घट्ट धरला. वीसेक मिनिटांत बाहुल्या चांगल्या मोठ्या झाल्या. शिकाऊ सहकारी म्हणाली, "मॅडम, घेऊ या का आत?" मी उजेड टाकून पाहिला. चमक अजून डगमगत होती. बाहुली उघडली म्हणजे स्नायू सैलावला असं नसतं, आणि घाई करणाऱ्याला इथेच चुकीचा नंबर मिळतो. फेनिलेफ्रिन या दुसऱ्या थेंबांनी तर बाहुली मोठी होते, पण फोकस करण्याची ताकद जवळजवळ तशीच राहते. आम्ही थांबलो.

तेवढ्यात मुलीने पुस्तक उघडलं आणि रडवेली झाली. "बाबा, अक्षरं दिसतच नाहीत!" शेजारी तिची आजी बसली होती, डोळ्यामागचा पडदा तपासायला तिच्याही डोळ्यांत बाहुली मोठी करणारं ट्रॉपिकामाइड घातलं होतं. उजेडाने डोळे दिपत होते, तरी ती वाचायचा चष्मा लावून पेपर चाळत होती. बाबा गोंधळले. "आईला काही होत नाही, मग हिलाच का?"

प्रश्न अगदी बरोबर होता. तो आतला स्नायू, म्हणजे सिलियरी स्नायू, आवळला की भिंगाला ताणून धरणारे तंतू सैल पडतात, भिंग गोलसर होतं आणि जवळचं स्पष्ट दिसतं. दहाव्या वर्षी ही ताकद १० डायॉप्टरहून (चष्म्याचा नंबर याच एककात मोजतात) जास्त असते, साठीनंतर ती जवळपास संपलेली असते. आजीकडे गमावण्यासारखं काही उरलंच नव्हतं. नातीची ताकद मात्र थेंब काही तासांपुरती काढून घेत होते. "उद्यापर्यंत परत येईल," मी तिला सांगितलं, तेव्हा कुठे तिने पुस्तक मिटलं.

चाळीस मिनिटांनी चमक शांत झाली आणि खरा नंबर निघाला: प्लस तीन! स्नायू इतका आवळून बसायचा की प्लसचा डोळा मायनसचा भासत होता, आणि मायनसची काच त्याला आणखी राबवत होती. ट्रायल फ्रेममध्ये, म्हणजे काचा बदलून पाहायच्या चौकटीत, प्लस तीन घातल्यावर तिने तक्त्याची शेवटची ओळ खडाखडा वाचली. पुस्तक मात्र धूसरच. वर आणखी प्लस तीन ठेवलं, तेव्हा अक्षरं उमटली. स्नायू करत असलेलं काम आता काच करत होती, आणि बाबांना हे माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा त्या एका काचेने पटलं.

थेंबांचा असर उतरल्यावर डॉक्टरांनी पुन्हा तपासून प्लस दोनपासून सुरुवात केली. जुनी सवय सुटेपर्यंत लांबचं थोडं पुसट दिसेल, तरी चष्मा काढू देऊ नका, हे मी बाबांना आणि आजीला बजावलं. आणि मायनसचा जुना चष्मा तिच्या हाती लागेल असा ठेवू नका, हेही.