राजीनाम्यात तारीख कोणती घालायची?

नेमणूकपत्रात एकच ओळ होती: नोकरी सोडताना दोन्ही बाजूंनी एक महिन्याची नोटीस. शिरोली एमआयडीसीतल्या त्या मशीनशॉपचे अकाउंट्स मी अकरा वर्षं सांभाळले. ती ओळ पुन्हा काढून वाचली ती या जूनमध्ये, गोकुळ शिरगावच्या कंपनीची ऑफर हातात आल्यावर.

बाबांनी फोनवर पहिलं वाक्य हेच सांगितलं, "सात तारखेचा पगार जमा होऊ दे, मग बोल." त्यांची भीती खरी होती. इचलकरंजीतल्या माझ्या पहिल्या नोकरीत मी महिनाभर आधी सरळ मनानं सांगितलं होतं. त्याच संध्याकाळी मला सांगितलं, उद्यापासून येऊ नका. एकोणीस दिवसांच्या पगारासाठी चार महिने हेलपाटे घातले. अनुभवाचा दाखला शेवटपर्यंत मिळाला नाही. तेव्हा बाबाच सोबत यायचे.

सासूबाईंचं म्हणणं वेगळं. "ज्यांनी पुरात पगार कापला नाही, त्यांना अडचणीत टाकून जाऊ नको गं." ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं, रस्ता बंद पडला, कुणीच कामावर पोचू शकत नव्हतं. साहेबांनी त्या महिन्यात एकाही माणसाची गैरहजेरी मांडली नाही. पगारपत्रक मीच केलं होतं, म्हणून मला माहीत.

दोघांचंही म्हणणं पटत होतं. मग मी कॅलेंडर काढलं.

८ जूनला राजीनामा दिला असता तर एक महिना ८ जुलैला संपत होता. आमच्या कामाचा महिना मात्र तारखांवर चालतो. ७ ला टीडीएस, म्हणजे कापून ठेवलेला कर, भरायचा, ११ ला विक्रीचं रिटर्न जीएसटीआर-१, १४ ला खरेदीवरच्या जीएसटीचं क्रेडिट पोर्टलवर दिसतं, ज्या सप्लायरनं बिल चढवलं नाही त्याला फोन, १५ ला पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा), २० ला ३बी, म्हणजे जीएसटीचा कर भरण्याचं रिटर्न. जाहिरात देऊन माणूस येईपर्यंत दोन आठवडे जाणारच. म्हणजे जूनच्या ११ आणि २० तारखा त्याच्या येण्याआधी गेलेल्या, आणि जुलैच्या माझ्या जाण्यानंतर. कागदावरचा महिना पुरा भरूनसुद्धा जीएसटीचं एकही रिटर्न त्यानं माझ्या शेजारी बसून भरलं नसतं.

म्हणून मी अर्जात २० जुलै लिहिलं. सहा आठवडे. नव्या कंपनीच्या एचआरला कारण जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, आम्हाला पण उद्या असंच माणूस लागणार आहे. २१ ला या." एवढं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं.

हे सगळ्यांनी करावं असं मी म्हणणार नाही. माझ्या त्या पहिल्या मालकासारखा मालक असेल तर कागदात आहे तेवढीच नोटीस द्या, आणि पगार खात्यावर आल्यावरच द्या. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या, शिवाय मेलही करा. हिंजवडीत माझ्या भावाला ९० दिवस आहेत, तिथं प्रश्न उलटाच, दिवस कमी कसे करून घ्यायचे हा.

साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला आणि विचारलं, "पगाराचं काही आहे का, ताई?" म्हटलं, "पगार आहेच साहेब, पण तिथं मोठ्या कंपनीचं काम शिकायला मिळेल." ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ग्रॅच्युइटीचा हिशेब तूच करून ठेव." पाच वर्षं सलग नोकरी झाली की, सोडताना मिळणाऱ्या या रकमेवरचा हक्क राजीनामा दिला तरी राहतो. महिन्याचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६,०००, भागिले २६, गुणिले १५, गुणिले अकरा वर्षं. १,६५,००० रुपये. तीस दिवसांच्या आत ते जमाही झाले.

नवा मुलगा २२ जूनला आला. टॅली त्याला येत होतं, पण हीट ट्रीटमेंटला गेलेल्या मालाची चलनं कोणत्या फाइलला लागतात, कोणता सप्लायर तीनदा फोन केल्याशिवाय बिल चढवत नाही, हे कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नव्हतं. ते मी दोनशे पानी वहीत लिहून काढलं. लिहिताना एक गोष्ट लक्षात आली आणि मला धस्स झालं. जीएसटी पोर्टलवर, पीएफच्या पोर्टलवर सगळीकडे मोबाईल नंबर माझा होता. इतकी वर्षं ओटीपी माझ्याच फोनवर येत होते. महिन्यानं निघाले असते तर ११ जुलैला तो मुलगा रिकाम्या चौकटीसमोर बसला असता आणि मी नव्या ऑफिसात कुणाच्या तरी मीटिंगमध्ये. सगळीकडे साहेबांचा नंबर घालायला चार दिवस लागले.

२० जुलैला ३बी त्यानंच भरलं. मी खुर्ची मागे ओढून नुसती बघत होते. शेवटचं बटण दाबलं तशी आम्ही दोघांनी सवयीनं माझ्या फोनकडे पाहिलं. तेवढ्यात साहेब चष्मा कपाळावर चढवून केबिनमधून बाहेर आले, मोबाईल हातभर लांब धरलेला, आणि एकेक आकडा मोठ्यानं वाचू लागले.