सतरा दिवसांची थकबाकी

रात्रीचे साडेअकरा. झोपायच्या आधी बायबलचं ॲप उघडलं तर वर लाल अक्षरात, तुम्ही १७ दिवस मागे आहात. एका वर्षात पूर्ण बायबल वाचायचा प्लॅन घेतलाय ना, तोच. १,१८९ अध्याय आहेत, म्हणजे रोजचे तीन-चार, जानेवारीत वाटलं होतं हे काय सहज होईल. उत्पत्ती झालं, निर्गम झालं आणि मग तिसरं पुस्तक लेवीय आलं आणि गाडी तिथेच बसली. (दरवर्षी तिथेच बसते. माझ्या ओळखीतले निम्मे लोक लेवीयमध्येच अडकलेत.)

मागच्या महिन्यात असंच झालं होतं तेव्हा मी एका रात्रीत आठवडाभराचे अध्याय वाचून काढले होते. वाचले म्हणजे काय, डोळे फिरवले आणि टिक केलं. पूर्ण झाल्यावर स्क्रीनवर अभिनंदन वगैरे आलं आणि मला आतून काहीच वाटलं नाही, परीक्षेच्या आदल्या रात्री घोकलेलं असतं ना, तसं. मग स्वतःचाच राग आला, एवढं वाचूनसुद्धा देव लांबच वाटतोय म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी आहे असं धरून बसले.

आज वाचायचं ठेवून दिलं आणि मागे जाऊन निर्गमचा १६ वा अध्याय काढला, का ते माहीत नाही. मान्नाची गोष्ट, म्हणजे देवाने इस्राएली लोकांना रानात दिलेल्या अन्नाची, लहानपणापासून शंभरदा ऐकलेली. रानात सकाळी जमिनीवर ते पडलेलं असतं, लोक विचारतात हे काय आहे, प्रत्येकाने आपल्यापुरतं गोळा करायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही. काहींनी तरी ठेवलंच. सकाळी त्यात किडे पडले आणि वास सुटला. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट घ्यायचं कारण सातवा विसाव्याचा, आणि ते मात्र खराब होत नाही. मला नेहमी वाटायचं ही साठवणाऱ्यांच्या लोभाची गोष्ट आहे. आज वाटलं अरे, मी उलट्या बाजूने तेच करतेय, गेल्या १७ दिवसांचा मान्ना आज एकदम गोळा करायला निघालेय, तो कधीच वितळून गेला. देव त्याचा हिशोब मागतच नाहीये, मागतंय ते ॲप. आणि प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत पण 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' एवढंच आहे, मागच्या महिन्याची राहिलेली पण दे असं कुठेच नाही. रोज म्हणते ही ओळ. इतकी पाठ आहे की ऐकूच येत नाही.

खरं सांगायचं तर या १७ दिवसांत प्रार्थना झालीच नाही असं नाहीये. झाली, पण तिला मी प्रार्थनेत धरलंच नाही.

आई आजारी पडल्यापासून ताईचा आणि माझा रोज फोन असतो आणि रोज कशावरून तरी वाजतं. कोणी कधी रजा घ्यायची, पैसे कोणी किती, तू मागच्या वेळी पण असंच केलं होतंस. परवा फोन वाजला, स्क्रीनवर तिचं नाव दिसलं आणि उचलायच्या आधी मी मनातच म्हटलं, प्रभू, तोंड सांभाळ माझं. बस एवढंच. आमेन पण म्हटलं नाही. आणि त्या दिवशी भांडण झालं नाही. काल पण तेच म्हटलं आणि काल झालं, चांगलंच झालं, मी फोन आपटला. म्हणजे हा काही मंत्र नाही हे कळलं. पण काल फोन आपटल्यावर दोन मिनिटांत मी परत प्रभूशीच बोलत होते, बघ केलं ना मी परत, असं. पूर्वी अशा वेळी मी दोन-तीन दिवस देवाकडे तोंडच दाखवायचे नाही, शुद्ध होऊन येते मग बोलू असं काहीतरी.

बायबलमधल्या नहेम्याचं पण असंच आहे, तो पारसच्या म्हणजे इराणच्या राजाला द्राक्षारस देणारा सेवक. यरुशलेमचा कोट पडलाय हे कळल्यावर तो रडतो, उपास करतो, लांब प्रार्थना करतो, ती अख्खी त्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात आहे. मग तीन-चार महिन्यांनी राजाला द्राक्षारस देताना राजा विचारतो, तोंड का उतरलंय तुझं, काय पाहिजे तुला? नहेम्या घाबरलेला. प्रश्न आणि उत्तर याच्या मधल्या त्या क्षणात तो देवाची प्रार्थना करतो आणि मग राजाला उत्तर देतो. ती प्रार्थना काय होती ते लिहिलेलंच नाही. राजासमोर उभं राहून किती बोलणार, दोन-तीन शब्द असतील. मला ते न लिहिलेले शब्द फार आवडतात.

१७ व्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स म्हणून होते, आधी शिपाई होते, लढाईत पाय जखमी झालेला, मठात त्यांना स्वयंपाकघरात लावलं. त्यांना ते काम मुळीच आवडायचं नाही. तरी भांड्यांच्या आवाजात आपण देवाजवळ तेवढेच असतो जेवढे गुडघ्यावर असताना, असं ते सांगायचे. लोक हे ऐकून म्हणतात वा किती छान. पण सुरुवातीची दहाएक वर्षं त्यांना फार जड गेली होती, हे त्यांनीच सांगितलेलं, ते कोणी सांगत नाही. मला तर १७ दिवसांतच रडू येतं.

बरं, लांब प्रार्थना नको असं मी म्हणत नाहीये. येशू स्वतः पहाटे अंधारात उठून एकांतात जायचा, मार्काच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात आहे. मला पण ती वेळ पाहिजे, आणि आळस हा आळसच आहे, त्याला मान्नाचं नाव देऊन चालणार नाही. फक्त थकबाकी फेडायला नको जायला मला तिथे.

प्लॅन डिलीट केला. उद्या लेवीयचा एकच अध्याय, जिथे अडकले तिथूनच.

हे टाइप करताना ताईचा मेसेज आलाय. 'झोपलीस का?' एवढाच. कालच्यानंतर पहिलाच. रागात आहे की नाही तेच कळत नाहीये.

प्रभू, काय लिहू?

'नाही गं, जागी आहे. कर फोन.'